कौलं की पत्रा

दापोली तालुक्यातलं आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे आणि त्याच्यावर मंगलोरी कौलं आहेत. म्हणजे होती, आता निम्म्या घरावर आहेत. हे निम्मं कसं झालं तेच सांगायचंय. छप्पर बदलणं हे सुतार-गवंड्याचं काम, आपण फक्त पैसे द्यायचे, असं मी समजत होते. पण घरात वर्षभर कोण राहणार, कोणाचे गुडघे अजून किती चालणार, पावसात कोणाला कोणाशी बोलायचंय, इथपर्यंत सगळं त्यात आलं.

गावी काका-काकू दोघंच असतात. आम्ही बाकीचे ठाणे, डोंबिवली, पुणे. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढीच आमची हजेरी. होळीनंतर काकांचा फोन आला. "माजघरावरचं पाखं बसलंय. यंदा कौलं नुसती परतून भागायचं नाही." पाखं म्हणजे छपराची एक उतरती बाजू.

कौलं परतणं हा आमच्याकडे वर्षाचा नेम होता. आंबे उतरवून होत आले की मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, वाडीतले चार-पाच जण छपरावर चढायचे. फुटकं कौल काढायचं, सरकलेलं जागेवर बसवायचं, खाचेत अडकलेला पालापाचोळा आणि शेवाळ काढायचं. पाचोळा राहिला की पाणी तुंबतं आणि उलटं आत येतं. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे इथे हलगर्जी चालत नाही. कौलं परतायची त्या दिवशी घरात वरून इतकी धूळ आणि जळमटं पडायची की स्वयंपाक मागच्या पडवीत व्हायचा. आज आमच्याकडे, उद्या शेजारी, परवा वरच्या आळीत, असं चालायचं. कोणी कोणाच्या छपरावर चढायचं याचे वर्षानुवर्षांचे हिशेब असायचे आणि ज्याच्याशी बोलणं बंद असेल त्याच्याशीही मे अखेरीला बोलावं लागायचं.

आता चढायला माणूस नाही. वाडीतले जे चढायचे ते साठी-सत्तरीला आले, त्यांची मुलं मुंबईला. एक-दोन पोरं आहेत, पण त्यांना तालुकाभर मागणी.

मे सुरू होताच मी आणि माझा चुलतभाऊ गावी पोचलो. सुतारदादांना बोलावलं. ते माळ्यावर चढले, विजेरी घेऊन सगळे वासे ठोकून पाहिले आणि खाली उतरून पहिला प्रश्न विचारला तो छपराबद्दल नव्हताच. "ताई, घरात चूल कधीपासून बंद आहे?"

गॅस आमच्याकडे येऊन बरीच वर्षं झाली, पण काकू पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटवायच्या. माजघरालगतची ती चूल काही वर्षांपूर्वी मोडली आणि तिथे ओटा झाला. दादांचं म्हणणं असं: चुलीचा धूर वर जायचा, कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा आणि जाता जाता वाशांवर काजळीचा थर ठेवून जायचा. त्या कडवट काळ्या लाकडाला भुंगे आणि वाळवी सहसा तोंड लावत नाहीत. धूर थांबला आणि भुंग्यांचं फावलं. त्यांनी एका वाशाला पटाशी टोचली तर ती निम्मी आत गेली. भुस्सा भुरुभुरु खाली आला. लाकूड किंजळीचं होतं, आजोबांनी निवडून घेतलेलं. ऐन आणि फणसाचे वासे मात्र ठीक निघाले.

काकूंना हे ऐकून वाईट वाटेल अशी माझी समजूत. त्या म्हणाल्या, "भुंग्यांसाठी मी डोळे फोडून घेत बसू काय?" चाळीस वर्षं फुंकणीनं धूर गिळलेल्या बाईचं हे उत्तर आहे. त्याच्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

धूर गेला तसे वासे गेले. दुसऱ्या बाजूनं वानर आले. ज्यांचं गाव कोकणात आहे त्यांना हे सांगायला नको. काळ्या तोंडाचे वानर फणसावरून थेट छपरावर उडी टाकतात. अंगानं दणकट, आणि एकटा कधी येत नाही. एका खेपेला पाच-सात कौलं सहज जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात माकडा-वानरांच्या उपद्रवाविरुद्ध शेतकऱ्यांचे मोर्चे निघालेत, ते उगाच नाही. वाडीत माणसांची वर्दळ होती, पोरं होती, कुत्री होती तेव्हा वानर राईत असायचे. बंद घरांच्या वाडीत त्यांना हटकणार कोण? काका गलोल घेऊन अंगणात उभे राहतात, तर ते आढ्यावर बसून काकांकडे बघतात.

मग अर्थातच पत्र्याचा विषय निघाला. चुलतभाऊ पहिल्यापासून पत्र्याच्या बाजूचा. रंगीत पत्रे, लोखंडी अँगल, रबरी वॉशरचे स्क्रू. परतणं नाही, वानर नाही, पंधरा-वीस वर्षं बघायला नको. वाडीतल्या बहुतेक बंद घरांवर आता तेच आहे. वरच्या रस्त्यावरून पाहिलं तर झाडांमध्ये निळे आणि विटकरी चौकोन दिसतात. विटकरी रंग कौलांची आठवण म्हणून घेतात, अशी माझी शंका आहे.

काकांचा पत्र्याला विरोध होता, पण सौंदर्य वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांच्या डोळ्यासमोर होती ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरच्या वाऱ्यानं, आणि रायगडइतकाच दापोली-मंडणगडचा किनाराही त्यानं झोडपला. आमची शेकडो कौलं गेली. पण शेजारच्या घराचा पत्रा अँगलसकट उचलला गेला आणि आमच्या पोफळींच्या आगरात येऊन पडला. "कौल उडालं तर कौल उडतं," काका म्हणाले, "पत्रा उडाला तर छप्पर उडतं."

हे मी नंतर गणित मांडून पाहिलं, तेव्हा त्यांचा मुद्दा पटला. एक मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं लागतात, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास वजन. तेवढ्याच जागेवरचा अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पत्रा भरतो चार-पाच किलो. कौलारू छप्पर स्वतःच्या ओझ्यानं जागेवर बसतं. शिवाय फटी असतात, आत शिरलेला वारा तिथून निसटतो. पत्रा हलका आणि सलग. वारा खाली शिरला की तो सबंध पत्रा वर ढकलतो आणि मग सगळा भरवसा स्क्रूवर. पण याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. एवढं ओझं पेलायला जाडजूड लाकूड लागतं, आणि तसं लाकूड आज मिळवणं म्हणजे पैसा, परवानग्या आणि वाट पाहणं. पत्र्याला हलका सांगाडा पुरतो.

भाऊ म्हणाला त्यातला एक मुद्दा मला खोडता आला नाही. पूर्वी गळलं तर काय व्हायचं? खाली सारवलेली जमीन. गळतीखाली पातेलं ठेवायचं, जमीन भिजली तर उघडीप मिळताच शेणानं सारवून घ्यायचं. पावसाळ्यात दोन-तीन ठिकाणी टपटप होणारच, हे घरानं धरलेलं असायचं. आता त्याच जागी लादी आहे, फ्रिज आहे, इन्व्हर्टर आहे, काकांची हॉस्पिटलची खाट आहे. घरात काय आहे त्यावर छपरानं किती गळायचं ते ठरतं, आणि आमच्या घरात आता एका थेंबालाही जागा नव्हती.

बरीच भवति न भवति झाली. शेवटी काकूंनीच निकाल दिला. माजघर, देवघर आणि ओटी यांच्यावर कौलंच, कारण दुपारचं झोपायचं तिथे. पुढची-मागची पडवी आणि स्वयंपाकघराचा वाढवलेला भाग यांच्यावर पत्रा, कारण वानरांची उडी पडते ती तिथे, आणि काकांना शिडीवर चढायचा मोह होतो तोही तिथेच.

कौलं उतरवण्याचं काम मला फार आवडलं, अंग मोडून आलं तरी. छपरावर दोघं, शिडीवर एक, खाली आम्ही. हातोहात कौल खाली यायचं. येईल ते कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर धुवायला, बद्द वाजलं तर बाजूला. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही, पण आवाज लपत नाही. चांगली कौलं भिंतीला टेकवून उभी रचायची, आडवी एकमेकांवर ठेवली तर खालची फुटतात.

धुताना कौलांच्या पोटावरची अक्षरं वर आली. काहींवर बासेल मिशनचं नाव आणि १८६५ हे साल. भाचे मंडळी हरखली, घर दीडशे वर्षांचं म्हणून फोटोही निघाले. ते साल कौलाचं नव्हे, कारखान्याचं. स्वित्झर्लंडच्या बासेल गावातून आलेल्या मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकण माती, भट्टी आणि यंत्रावर दाबून काढलेलं एकसारखं, खाचेत खाच बसणारं कौल. त्याच्या आधी आमच्याकडे कुंभारानं घडवलेले नळे होते आणि गरिबाच्या घरावर गवत नाहीतर पेंढा. मंगलोरी कौलं गलबतांतून किनाऱ्यानं वर आली, बंदरांवर उतरली आणि तिथून बैलगाडीनं किंवा डोक्यावरून आतल्या गावांत गेली. म्हणजे आज जे आम्ही अस्सल कोकणी छप्पर म्हणून मिरवतो ते एकेकाळी बाहेरून आलेलं, कारखान्यातलं, पैसेवाल्याचं छप्पर होतं. कुंभाराच्या पोटावर पाय देऊनच ते आलं. उद्या निळ्या पत्र्याच्या फोटोंवरही कोणी उसासे टाकील, मला त्याचं नवल वाटणार नाही.

छप्पर उघडं झालं तेव्हा घराचा माळा पहिल्यांदा उन्हात दिसला. कौलांना उतार बराच तिरका लागतो, नाहीतर पाणी खाचेतून मागे शिरतं. त्या तिरकसपणामुळे मधोमध उंची मिळते आणि उंचीमुळे माळा. आमच्या माळ्यावर काय नव्हतं! पेंढ्यात घातलेली आंब्यांची आढी, भाताच्या कणग्या, सुकवलेली आमसुलं, जुने पाट, पाळणा, गणपतीची मखरं, कुणाच्या तरी मुंजीतली पातेली. पत्र्याला एवढा उतार लागत नाही, म्हणून पत्र्याची घरं बसकी बांधतात आणि त्यांना माळा नसतो. माळा नसलेल्या घरात चार पिढ्यांचं सामान राहत नाही. ते चांगलं की वाईट, हे तो माळा कोण साफ करतंय त्यावर आहे. त्या मे महिन्यात मी साफ केला, म्हणून माझं मत तूर्त पत्र्याकडे झुकलेलं आहे.

पोकळ वासे बदलले. नव्यांसाठी आमच्याच परसातला वठलेला फणस कामी आला, त्याची कागदपत्रं करण्यात मात्र भावाचे बरेच हेलपाटे झाले. जुन्या लाकडावर किडीचं औषध मारलं. धुराचं काम आता डब्यातलं औषध करणार, तेही काही वर्षांनी पुन्हा मारायचं. रिपा, म्हणजे कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या, ठोकताना दादांनी दर ओळीला एक कौल ठेवून अंतर तपासलं. रीप बोटभर वर-खाली झाली तरी कौलाची नाकी बसत नाही.

मग वळचणीपासून वर कौलं चढत गेली. खालची ओळ दोरी लावून सरळ केली की बाकीच्या ओळी तिच्या आधारानं जातात. तिथे एक अडचण आली. मोडलेल्या कौलांच्या जागी नवी आणली, ती दुसऱ्या कारखान्याची. दिसायला तीच, लांबी-रुंदीही तीच, पण खाच जुन्या कौलात बसेना. कारखाना बदलला की साचा बदलतो. शेवटी मागच्या पाख्यावर सगळी नवी, पुढच्या पाख्यावर सगळी जुनी, अशी विभागणी केली. आढ्यावर कोने, म्हणजे माथ्याची कौलं, सिमेंटमध्ये बसवले. देवघरावर काचेचं कौल होतं ते काकूंनी जातीनं उभं राहून होतं त्याच जागी लावून घेतलं. सकाळी पूजेच्या वेळी उजेडाचा तुकडा कुठे पडतो ते त्यांना पाठ आहे.

पत्रेवाले आले आणि त्यांचं काम बघता बघता उरकलं. वेल्डिंग, ड्रिल, झालं. खालून कोणी हात लावायचा नाही, कोणाला चहासुद्धा सावकाश प्यायचा नव्हता. पुढच्या गावात दुसरं काम होतं. मला हे जरा कोरडं वाटलं. काकांना वाटलं नाही. "बरं झालं, पंधरा माणसांचा चहा वाचला," एवढंच.

पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी गावातच होते. माजघरात पाऊस नुसता ऐकू येत होता. पडवीत पाय ठेवला आणि बोलणं बंद. पत्र्यावरच्या कोकणी पावसात शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, थोड्या वेळानं माणूस ओरडायचाही नाद सोडतो. पूर्वी पावसाळ्याच्या संध्याकाळी शेजारचे येऊन पडवीत टेकायचे, सुपारी कातरत तासभर गप्पा व्हायच्या. आता कोणी आलं तर काकू "आत या" म्हणतात. आत म्हणजे ओटीवर, खुर्चीवर. चिखलाचे पाय घेऊन शेतावरून आलेला माणूस पडवीच्या कडेवर टेकतो, लादीच्या ओटीवर येत नाही. त्यामुळे काही जणांचं येणं कमी झालंय. भावाला हे पटत नाही, तो म्हणतो माणसंच कमी झालीत. त्याचंही खरं आहे.

पण पत्र्याचे उपकारही सांगितले पाहिजेत. पडवी कोरडी राहते. जुन्या पागोळ्यांचे शिंतोडे निम्म्या पडवीत यायचे, आता कपडे वाळतात, जळण आणि नारळाची सोडणं कोरडी राहतात. पत्र्याच्या कडेला पन्हळ लावली, तिचं पाणी टाकीत घेतलं. कौलांचं पाणी असं घेता येतं, पण त्यात शेवाळ आणि पाचोळा फार. वानर पत्र्यावर येतात, धडाम आवाज होतो, तेच दचकतात आणि जातात. काका अजून शिडीवर चढलेले नाहीत.

ऊन मात्र लपत नाही. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. काकूंनी दिवसच हलवलाय. स्वयंपाक सकाळी दहाच्या आत, मग थेट चारनंतर तिथे पाऊल. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, म्हणून माजघर त्या मानानं निवांत. दुपारी सगळं घर माजघरात येऊन पडतं, आणि पुण्याच्या जावयांना एसीची आठवण तिथे निदान होत नाही.

गावातल्या काही जणांनी खळ्यावर, म्हणजे घरापुढच्या अंगणावरही, कायमचा पत्रा टाकलाय. पूर्वी पाऊस संपला की खळं चोपून, सारवून वर बांबू आणि झावळ्यांचा मांडव पडायचा. तुळशीचं लग्न त्याखाली लागायचं, आणि पावसाच्या आधी मांडव उतरायचा. झावळ्यांतून हवं तेवढं ऊन खाली यायचं, जास्त हवं असेल तर चार झावळ्या सरकवायच्या. पत्र्याखाली वाळवण होत नाही. कोकमं, पापड, भात आता डांबरी रस्त्याच्या कडेला वाळतात आणि एसटी आली की कोणीतरी धावत जाऊन ती सरकवतं. आमच्याकडे खळ्यावर पत्रा टाकायचा विषय भावानं काढला होता. काकूंनी मान वर करून फक्त सूर्याकडे पाहिलं आणि तो विषय संपला.

काम संपल्यावर शे-दोनशे जुनी कौलं उरली. किनाऱ्याकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं ती मागितली, भावही बरा देत होता. अशी जुनी, छापाची कौलं त्यांना दर्शनी भागाला लावायला हवी असतात. खाली स्लॅबच असतो. काकांनी दिली नाहीत. या मापाचं कौल पुन्हा मिळणार नाही आणि पुढच्या पाख्यावर वानर येणारच आहेत. ती मागच्या पडवीत, पत्र्याखाली, भिंतीला टेकवून उभी रचून ठेवलीत. परतायला वाडीतल्या त्या दोन पोरांपैकी एकाशी मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी बोलणं झालंय. त्यानं आगाऊ पैसे घेतलेत, आणि गोठ्यावर पत्रा टाकून देतो, तेही काम मलाच द्या, असं सांगून गेलाय. गोठ्यात गुरं नाहीत, भावाची स्कूटर आहे.